उंदरांची श्रेढी

श्रेढीचं सूत्र काढायला मला आप्पांनी शिकवलं. ते बेळगावात हायस्कुलात गणिताचे मास्तर होते. घरात मुलगा नव्हता म्हणून म्हणा, किंवा माझी कटकट थांबावी म्हणून म्हणा, त्यांनी बीजगणिताचं पुस्तक माझ्या हाती दिलं होतं. मी तेरा वर्षांची, अंगात मस्ती भरपूर. ओळीनं चार संख्या दिसल्या की त्यांचा नियम शोधायचा आणि कितवंही पद एका झटक्यात काढून देणारं सूत्र मांडायचं, हा माझा नाद. आई लवकर गेलेली. घर थोरल्या आक्काच्या हातात होतं.

त्या वर्षी प्लेगात आमच्या गल्लीत उंदीर पडायला लागले. उंदीर पडले की घर सोडायचं, हे तेव्हा कुणाला सांगावं लागत नसे. आम्ही तिघं सांबऱ्याच्या वाटेवरच्या माळावर तट्ट्याच्या झोपडीत राहायला गेलो. शेजारच्या झोपडीत मुन्शिपालटीचा एक माणूस होता. गल्ल्यांतले मेलेले उंदीर चिमट्यानं उचलून बादलीत भरायचे, हे त्याचं काम. तो परत आला की आप्पा विचारत, "आमच्या गल्लीत किती पडले?"

पहिल्या दिवशी एकवीस. मग पंधरा, दहा, सहा, तीन.

पाचव्या दिवशी मला राहवेना. कमी होण्यातही नियम होता: आधी सहानं, मग पाचानं, मग चारानं, मग तीनानं. मी पाटी ओढली. खूप खाडाखोड केल्यावर सूत्र सापडलं. सातातून दिवसाचा आकडा वजा करायचा, आठातूनही करायचा, दोन्हींचा गुणाकार करून निम्मा घ्यायचा. पाचही दिवस बरोबर बसले. सहाव्या दिवसाला एक येत होता, सातव्याला शून्य.

झोपडीत जातं नव्हतं आणि पीठ संपत आलं होतं. घरी जाऊन दळून आणते, म्हणून आक्का आप्पांच्या मागे लागली होती आणि आप्पा ऐकत नव्हते. मी पाटी पुढे केली, तेव्हा ते नुसते हसले. पण सहाव्या दिवशी खरोखरच एक उंदीर पडला. सातव्या दिवशी सकाळीच तो माणूस रिकामी बादली हलवत आला.

मग आप्पांनी पाटी हातात घेतली आणि सगळी पदं पुन्हा तपासली. म्हणाले, "आठ घालून बघ." आठालाही शून्यच आलं. त्यांचा तो चेहरा मला अजून दिसतो. इतके दिवस काळजी होती, तिथं अभिमान आला होता. "पोरीनं लई झ्याक काढलंय बगा," ते त्या माणसाला म्हणाले. आणि आक्काला म्हणाले, "जा. पण ऊन उतरायच्या आत ये."

आक्का गेली, जात्यावर बसली, डबाभर ज्वारीचं पीठ घेऊन वेळेत परत आली. नवव्या दिवशी तिला ताप भरला. काखेत गाठ आली.

पुढे मी शिक्षिका झाले. ट्रेनिंगला असताना एका डॉक्टरांच्या व्याख्यानात कळलं, की प्लेग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे होतो. उंदीर मरून संपले की उपाशी पिसवा माणसाकडे वळतात. म्हणजे गल्लीत शून्य उंदीर, तोच दिवस सगळ्यात वाईट. माझं सूत्र चुकलं असतं, तर आप्पांनी आक्काला सोडलंच नसतं. ते बरोबर आलं, हेच मला आयुष्यभर सोसलेलं नाही.

त्या दिवशी खोलीवर येऊन मी तेच सूत्र कागदावर मांडलं आणि आम्ही कधी न घातलेला नऊ त्यात घातला. उत्तर आलं एक. आमच्या गल्लीत तर त्यानंतर उंदीर पडलाच नव्हता. दहाव्याला तीन येतात. घरात आम्ही तिघंच होतो. हा योगायोग आहे, गणित शिकवणाऱ्या बाईला एवढं कळतं. तरी फळ्यावर श्रेढी मांडताना पाठीशी कुणी उभं आहे असं वाटतं, आणि मी मुलींना पुढची पदं काढायला लावत नाही.

आप्पा मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मला गणित घालणं सोडलं.

दहाव्या दिवशी दुपारी आक्का जरा शुद्धीवर आली. मी आणि आप्पा जवळच होतो. तिनं मला विचारलं, "आज किती गं?"

"शून्य," मी म्हणाले. ते खरंच होतं.

तिनं कष्टानं मान वळवली. "बगा आप्पा," ती म्हणाली, "बरोबर आलं न्हवं तिचं? तुमी उगंच भीत हुतासा."