एक मूठ आणि चार बोटं

आमच्या घरातली पटाशी बारा-तेरा वर्षं फ्रिजमधला बर्फ फोडायच्या कामी होती. त्याशिवाय रंगाच्या डब्यांची झाकणं उचकटणं, खोबऱ्याची करवंटी सोडवणं, कूलरच्या पायाखाली टेकू म्हणून बसणं, अशीही कामं ती करायची. लाकूड सोडून बाकी सगळ्यावर तिचा हात फिरला होता. तिची मूठ केव्हाच फुटली होती आणि तिथं मी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ठेवली होती. पटाशी माझ्या बाबांची. ते सुतारकाम करत. बुलढाण्यात मी घर बांधलं तेव्हा स्वयंपाकघरातली फडताळं करून द्यायला ते गावाहून आले होते, आणि जाताना ही एवढी विसरून गेले.

आई गेल्यावर बाबा कायमचे माझ्याकडे राहायला आले. येताना फक्त कपड्यांची पिशवी आणली. हत्यारांची पेटी गावातच एका ओळखीच्या माणसाला देऊन टाकली होती. वय ब्याऐंशी, दोन्ही हातांना कंप, चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागतो. आल्यावर पहिल्याच आठवड्यात ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले, तेव्हा मी फ्रिजसमोर उकिडवी बसून बर्फावर घाव घालत होते. बाबांनी माझ्या हातातली पटाशी पाहिली आणि काहीच बोलले नाहीत. पाणी न पिताच परत जाऊन व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले.

बाबा रागावले की बोलतात. ते गप्प बसले म्हणजे प्रकरण रागाच्या पलीकडे गेलेलं असतं. मला लाज वाटली. उरलेला बर्फ मी तसाच राहू दिला आणि पटाशीवरची ट्यूब सोडून टाकली. खाली फुटक्या लाकडाचा भुगा आणि दोन मेलेल्या मुंग्या निघाल्या.

सरळच सांगते, मला बाबांच्या तोंडून एकदा 'बरं केलं' एवढं ऐकायचं होतं. दहावीला शाळेत पहिली आले तेव्हा ते म्हणाले, "पुढं काय करतं थे पाहू." शाळेत गणिताची बाई म्हणून नोकरी लागली तेव्हा म्हणाले, "टिकव म्हंजे झालं." घर बांधलं तर म्हणाले, "पायऱ्या उंच झाल्या." पायऱ्या खरंच उंच झाल्या आहेत, तो भाग वेगळा. नोकरी टिकवली, निवृत्तही झाले, पण त्यावर त्यांचं काही म्हणणं आलं नाही. आता ऐंशीच्या पुढच्या माणसाकडून काही ऐकायचं असेल तर ते फार लांबणीवर टाकता येत नाही. म्हणून मी ठरवलं, ही पटाशी नवीसारखी करायची आणि त्यांच्या हातात द्यायची.

अडचण एवढीच होती की मला त्यातलं काहीही येत नव्हतं. आमचं गाव धाडच्या अलीकडं. तिथं अंगणातल्या निंबाखाली बाबांचं काम चाले. नऊ वर्षांची असताना मी हीच पटाशी उचलून लाकडाच्या एका ढलपीवर चालवायला घेतली होती. बाबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाले, "हे तुह्यं काम नाई. तू शाळा शिक." मारलं वगैरे नाही. मारलं असतं तर मी पुन्हा घेतली असती. मी शाळा शिकले आणि पुढं जन्मभर पोरांना काटकोन, लघुकोन, विशालकोन शिकवले.

बाबांना तरी कोणी शिकवलं होतं? आमच्या घरात त्यांच्याआधी कोणी सुतारकी केलेली नव्हती. ते बुलढाण्यात बांधकामावर विटा वाहायला गेले आणि तिथल्या सुतारमिस्त्रीचे हात पाहून पाहून शिकले. मिस्त्रीनं शिकवलं नाही आणि तो शिकवणारही नव्हता. पुढं गावातल्या विहाराचं दार बाबांनी केलं, ते अजून चौकटीत कागद जाईल एवढीही फट देत नाही. तेव्हापासून त्यांचं मत असं आहे की काम विचारायचं नसतं आणि सांगायचंही नसतं. त्यामुळे विचारायची सोय नव्हती.

गंज काढायला मी पटाशी चिंचेच्या कोळात भिजत घातली. पितळेची भांडी त्यानं निघतात, तर लोखंड का निघणार नाही, असा माझा शास्त्रीय विचार. ताटात कोळ, कोळात पटाशी, वर झाकण. दुसऱ्या दिवशी बाबांनी झाकण उचलून पाहिलं.

"पटाशीची भाजी करून राह्यली काय व?"

"गंज काढते आहे."

"मीठ टाकलं काय?"

ते विचारत होते की टोमणा होता, मला कळलं नाही. मी मीठ टाकलं. गंज निघाला. म्हणजे सगळा नाही, पण घासून घासून आठवड्याभरात लोखंडाचा रंग दिसायला लागला, आणि माझ्या नखांचा जो गेला तो महिनाभर परत आला नाही.

धारेला मात्र तीन ठिकाणी खांडं पडली होती. त्यातलं एक कूलरचं होतं, एवढं मी ओळखलं. मी बाजारात जाऊन विजेच्या चाकावर ती घासून आणली. दुकानदारानं दोन मिनिटांत भरपूर ठिणग्या पाडून खांडं नाहीशी केली. टोकाशी सुंदर निळा रंग आला होता. मोरपिशी म्हणतात तसा. घरी आल्यावर कौतुकानं मी ती बाबांच्या समोरच्या स्टुलावर ठेवली.

बाबांनी निळ्या रंगाकडं पाहिलं. "पाणी उतरलं तिचं," ते म्हणाले, आणि पुन्हा रस्त्याकडं पाहू लागले.

म्हणजे चाकावर पोलाद तापलं आणि त्याचा कडकपणा गेला. आता ती पटाशी बर्फाच्याही कामाची राहिली नव्हती. मी सुधारायला घेतलेली वस्तू मी स्वतःच्या हातानं, पैसे देऊन, मारून आणली होती. त्या दिवशी मी जेवले नाही. संध्याकाळी बाबा रस्त्याला उद्देशून म्हणाले, "धाडले बजाराच्या दिवशी लोहार बसते."

बाजाराच्या दिवशी मी पटाशी वर्तमानपत्रात गुंडाळली, पर्समध्ये घातली आणि एसटीनं धाडला गेले. लोहार माझ्याच वयाचा होता. त्यानं कागद सोडला, पटाशी उलटीसुलटी केली.

"हे तं मोटारीच्या स्प्रिंगच्या पाट्याची हाये. माह्या बापानं केली असन. कोनाची हो?"

मी बाबांचं नाव सांगितलं.

"हायेत काय अजून?"

"आहेत. माझ्याकडंच असतात."

त्यानं भात्याजवळ ठेवलेला चहा बाजूला सारला. पटाशी तापवून लाल केली, टोक पाण्यात बुडवलं, विटेवर घासलं आणि रंग चढताना पाहत बसला. मग मान हलवली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. दुसऱ्या वेळी रंग वाळल्या गवतासारखा आल्याबरोबर झटकन पाण्यात घातली. "त्यायच्या हाती जायाची हाये म्हनून," तो म्हणाला. बाबांचा धाक गावात असा अजून शिल्लक होता, हे पाहून मला बरंही वाटलं आणि माझ्यावर किती बेतलं होतं तेही कळलं.

मग धार. इथं आपलं गणित उपयोगी पडेल असं मला वाटलं होतं. मी जुन्या कंपासपेटीतला कोनमापक काढला, पुठ्ठ्याचा पंचवीस अंशांचा कोन कापला, तो धारेच्या ओल्या दगडाशेजारी उभा केला आणि त्याला धरून पटाशी ओढू लागले. बाबा खुर्चीत डोळे मिटून बसलेले.

"मनगट हलून राह्यलं," ते डोळे न उघडता म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आवाज."

मी कान देऊन ऐकलं. मला एकच आवाज ऐकू येत होता. चार दिवसांनी मला दोन ऐकू यायला लागले, एक बरोबरचा आणि एक चुकलेला. पुठ्ठा तोवर भिजून लोळागोळा झाला होता, तो मी फेकून दिला. जवळजवळ तीन आठवडे मी रोज सकाळी दगडावर बसले. शेवटी एके दिवशी पटाशी निंबाच्या काटकीवरून फिरवली तर काटकीची साल कागदासारखी निघून आली. मी बाबांकडं पाहिलं. त्यांनी पेपर वर धरला होता. उलटा नव्हता धरला, पण वाचतही नव्हते.

मुठीसाठी बाभूळ हवी, एवढं मला माहीत होतं. वखारीतून चांगला वाळलेला, जड तुकडा आणला. लांबी किती ठेवायची ते मात्र पाहून कळण्यासारखं नव्हतं, कारण जुनी मूठ शिल्लकच नव्हती. मी पहिल्यांदाच बाबांना सरळ विचारलं. त्यांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, "ज्याले वापरायाची, त्याची एक मूठ आन वर चार बोटं."

त्यांना हात पुढं करा म्हणायची माझी छाती झाली नाही, शिवाय सगळी गंमतच गेली असती. म्हणून दुपारी ते झोपले तेव्हा मी दोरी घेऊन खाटेशी बसले. त्यांची मूठ छातीवर अर्धी मिटलेली होती. हळूच दोरी धरली, मूठ मोजली, बोटं मोजली, गाठी मारल्या. झोपेत त्यांचा हात अजिबात थरथरत नाही, हे मला तेव्हा कळलं. मोजून झाल्यावरही मी थोडा वेळ तिथंच बसून राहिले.

मूठ करायला बारा दिवस लागले. बाभूळ हे झाड माणसावर उपकार करायला जन्मलेलं नाही. करवत, कानस, काच-कागद, आणि मधून मधून शिव्या, ज्या मी शाळेत कधी वापरल्या नव्हत्या. तोंडाशी पाइपच्या तुकड्याची लोखंडी कडी बसवली, म्हणजे लाकूड पुन्हा फुटू नये. भोक पाडलं, पाणी पुन्हा उतरू नये म्हणून पातं ओल्या फडक्यात गुंडाळलं, पटाशीची शेपटी गॅसवर लाल केली आणि भोकात दाबली. स्वयंपाकघरभर धूर झाला. थंड झाल्यावर ओढून पाहिली, हलली नाही. वरून जवसाचं तेल लावलं. दोरीशी ताडून पाहिलं. तसूभर फरक नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहानंतर मी ती बाबांच्या हातात दिली. निकालाच्या दिवशी पोरं बाईंच्या तोंडाकडं पाहतात तशी मी त्यांच्याकडं पाहत राहिले.

बाबांनी ती डोळ्यासमोर धरून मूठ आणि पातं एका ओळीत आहे का ते पाहिलं. धार अंगठ्याच्या नखावर टेकवली, ती घसरली नाही, म्हणजे नीट लागली होती. मुठीवर टिचकी मारून कान लावला. मग ती मुठीत धरली. हात थरथरला, पातं हवेत इकडं तिकडं फिरलं. त्यांनी ती मांडीवर ठेवली.

"चुकलं," ते म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "काय चुकलं? धाडला जाऊन पाणी देऊन आणलं. तीन आठवडे दगडावर बसले. तुम्ही झोपला होतात तेव्हा तुमचा हात मोजून, दोरीला गाठी मारून मूठ केली. एक केसाचा फरक नाही! तुम्हाला आयुष्यात माझं काही बरोबर दिसलंच नाही!"

समोरून जाणारा दूधवाला थांबून पाहायला लागला. मी त्याच्याकडं असं पाहिलं की तो गेला.

"थेच तं," बाबा शांतपणे म्हणाले. "माहा हात काऊन मोजला?"

"तुमची पटाशी आहे म्हणून."

"मी काय करू तिचं आता? मले कप धरता येत नाई. हात आन इकडं."

मी हात पुढं केला. त्यांनी माझी बोटं एकेक करून मिटवली, मूठ पटाशीवर ठेवली, वर माझ्या दुसऱ्या हाताची चार बोटं ठेवली. त्यांनी माझा हात असा यापूर्वी कधी धरला होता, मला आठवेना. उरलेल्या लाकडावर त्यांनी नखानं खूण केली. ती खूण करायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला.

"दीड बोट जास्त हाये. इथून काप."

"म्हणजे माझी?"

"मंग काय सरकारची?"

मला रडू आलं. साठी उलटलेली बाई, दिवसाढवळ्या, व्हरांड्यात. मी लपवलं नाही, कारण माझे दोन्ही हात त्यांनी पुन्हा धरून ठेवले होते. मग आत जाऊन करवत आणि कानस आणली. बाबांनी पात्याला टॉवेल गुंडाळला आणि तो दोन्ही हातांनी पायरीवर दाबून धरला. त्यांचे हात थरथरत होते आणि मला खूण नीट दिसत नव्हती. करवत चालवली. दीड बोटाचा तुकडा खाली पडला. बाबांनी कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला.

"वाकडं कापलं," ते म्हणाले, आणि कानस माझ्या हातात दिली.