रखमाच्या हाताचा साचा

पाम गावची रखमा बोईसरच्या ज्या कंपनीत झाडू मारते, तिथं सिलिकॉनच्या बायका बनतात. नाकं मुरडू नका, परदेशातल्या एकट्या पुरुषांच्या बिछान्यासाठी त्या लागतात. त्या बोलतात, पापण्या मिटतात, अंगाला माणसाइतकी ऊब धरतात. पहिल्या दिवशी रखमानं तोंडाला पदर लावला होता. आता ती त्यांच्या अंगावरची धूळही पुसते.

परवा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची तक्रार आली: "बाकी सगळं ठीक, पण हात फार मऊ आहेत. माझी बायको शेतात राबायची, तिचे असे नव्हते."

इंजिनियर तेजल मॅडमनं कंपनीतल्या सगळ्या बायकांचे हात पाहिले आणि रखमाचा धरला. त्यावर विळ्याचे वण होते, घट्टे होते, भाकऱ्या भाजून बोटांची टोकं निबर झाली होती.

"अगदी असाच हवाय त्यांना."

"ह्यो? ह्यात काय हाय, मॅडम?"

हातावर ओतलेला साचा घट्ट होईपर्यंत मॅडम अर्धा तास तिचं मनगट धरून बसल्या. एवढा वेळ तो हात कुणी कधी धरला होता, ते रखमाला काही आठवेना.

संध्याकाळी तिचा नवरा कृष्णकांत ओटीवर मोबाईल बघत बसला होता. रखमा त्याच्या शेजारी टेकली आणि तिनं आपला हात त्याच्यापुढं उघडा धरला.

त्यानं मानही वर न करता तिच्या हातात मोबाईल ठेवला.

"चार्जिंगला लाव जरा."

मोबाईल चांगला गरम होता.