खाबुऱ्याचा महाल

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मस्कतला, रुवीतल्या ऑफिसात होतो. भाऊजी एवढंच म्हणाले, "लगेच ये रे... उषा गेली." अल हैलच्या घरी सकाळचा चहा घेताना ती खुर्चीतच कलंडली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

पुण्यानुमोदनाच्या सभेला मस्कतमधली आपली बरीच माणसं जमली. बोलायला उठणारा जो तो एकाच गोष्टीवर येत होता, उषाताईंनी ओमानात तुर्की महाल उभा केला. कुणीतरी त्या महालाचा मोठा फोटो तिच्या तसबिरीशेजारी फुलांत ठेवला होता. भाऊजींनी मान खाली घातली, मीही घातली. ताई असती तर तिने तो फोटो उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवला असता. का, ते सांगायला तिथे माझी जीभ रेटली नाही...

ताई आर्किटेक्ट. नागपूरला शिकली, लग्न होऊन मस्कतला आली. समुद्रकाठच्या खाबुरा गावचा सालेम तिच्याकडे आला तो इस्तंबूलच्या सहलीवरून, फोनभर फोटो घेऊन. "मोहंदिसा," तो तिला इंजिनिअरबाई या अर्थाने हाक मारायचा, "मला असंच घर पाहिजे." ताईने तुर्कस्तान पाहिलेलं नव्हतं. तिने तिथल्या 'दोल्माबाहचे' नावाच्या राजवाड्याच्या चित्रांवरून खांबांची रांग, नक्षीचे कठडे, वळणदार जिना, सोनेरी छत असं सगळं काढलं. वरच्या मजल्यावर, जुन्या तुर्की हवेल्यांना असते तशी रस्त्यावर पुढे आलेली लाकडी खोली काढली आणि तिला तिन्ही बाजूंनी काच लावली. ती मानाची खोली सालेमच्या आईची. घर पुरं झालं तेव्हा येणारेजाणारे गाड्या थांबवून फोटो काढत. ताईनेही घराचा एक फोटो आपल्या केबिनमध्ये लावला.

पुढच्या उन्हाळ्यात ईदच्या शुभेच्छा द्यायला ती मला घेऊन खाबुऱ्याला गेली. सालेमची आई वर नव्हती. स्वयंपाकघरामागे, पाण्याच्या टाकीच्या सावलीत चटई टाकून बसली होती. वरच्या खोलीवर पश्चिमेचं ऊन यायचं, काचेमागे भट्टी व्हायची, एसी लावूनही तिथे बसवत नसे. आणि त्या देखण्या जिन्याच्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हत्या. म्हातारीने चटई झटकली, ताईला बसवलं, खजूर पुढे केले. म्हणाली, "घर फार सुंदर झालंय, अल्हम्दुलिल्लाह." तक्रारीचा एक शब्द नाही.

 परतताना मस्कतजवळचं सीब आल्यावर ताई गाडीत म्हणाली, "जिच्यासाठी खोली काढली तिला घरात बसायला जागा नाही रे. आणि तिने मला स्वतःची चटई दिली..." तिचे कान लाल झाले होते. लहानपणी वर्गात चुकली की व्हायचे तसे.

त्याच वर्षी रजा काढून ती एकटीच इस्तंबूलला गेली. तिथून फोनवर म्हणाली, "सुलतानांचा जुना टोपकापी राजवाडा म्हणजे एकच एक अवाढव्य इमारत नाहीच. अंगणं आहेत आणि अंगणांच्या कडेने मंडप. मी सगळ्यात उशिराचा, युरोपकडे बघून बांधलेला महाल उचलला आणि त्यालाच तुर्की म्हणत बसले." जुन्या लाकडी घरांपाशी ती तासन्‌तास थांबली होती. तिथली पुढे आलेली खोली वाऱ्यासाठी असते. वर रुंद वळचण, जाळीच्या खिडकीलगत बुटकी बैठक. बाईला रस्ता दिसतो, रस्त्याला बाई दिसत नाही. घराच्या मधल्या दालनाला तिथे सोफा म्हणतात, साऱ्या खोल्यांची दारं त्यातच उघडतात. "आपलं माजघरच की," ती म्हणाली.

परत आल्यावर तिने त्या घरात बदल करायचं काढलं, तेव्हा तिच्या ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं, "कुणी तक्रार केलीय का? मग कशाला उकरून काढता?" ती एकटीच सालेमकडे गेली. "माझं चुकलं. तळमजल्यावर समुद्राच्या बाजूला आईची खोली करू या. वरची काच काढू या."

"लोक त्याच खोलीचा फोटो काढतात, मोहंदिसा."

"फोटो काढणारे आत बसत नाहीत, सालेम."

तो दुखावला. कित्येक दिवस त्याने फोन घेतला नाही. मग एके दिवशी त्याचाच आला, "आई म्हणते, यल्ला, चला, सुरू करा." खालची खोली झाली. वरच्या काचेला आणि खांबांना मात्र त्याने हात लावू दिला नाही. दर्शनी भाग तसाच राहिला आणि कौतुकही तसंच चालू राहिलं. कुणी महालाचं नाव काढलं की ताई विषय बदलायची. केबिनमधला फोटो तिने काढून टाकला. तिथे खिळा तेवढा राहिला.

गेल्या आठवड्यात भाऊजी आणि मी खाबुऱ्याला गेलो. सालेमची आई तळमजल्यावरच्या खोलीत बुटक्या बैठकीवर बसली होती. लाकडी जाळीतून समुद्राचा वारा येत होता. ती अरबीत बोलत होती, सालेम आम्हाला हिंदीत सांगत होता. "मोहंदिसा अधूनमधून शुक्रवारी यायची. बस म्हटलं तरी बसायची नाही. आधी खिडकीशेजारच्या भिंतीला तळवा लावून बघायची. मी म्हणायची, मुली, गार आहे, आता तरी बस. मग बसायची. पण जाताना पुन्हा माफी मागायची. दर वेळी." तिने डोळ्यांना ओढणी लावली आणि भिंतीवरची ती जागा दाखवली.

मी तिथे हात ठेवला. बाहेर ऊन रणरणत होतं. भिंत गार होती.