पाहण्याच्या कार्यक्रमाचा तास

वर्गाला बोलतं करायचं म्हणून मी गेली दोन वर्षं नाना तऱ्हा करून पाहिल्या. गटचर्चा ठेवली, तर प्रत्येक गटानं मिळून मोबाइल पाहिला. प्रश्नमंजुषा घेतली, तर उत्तरं मोबाइलनंच दिली. बाकं गोल मांडली, तेव्हा शिपायानं माझ्याकडे असं पाहिलं की मी स्वतःच ती पुन्हा रांगेत लावली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा भरलेला वर्ग आणि तोंडातून शब्द निघेल तर शपथ. मी समाजशास्त्र शिकवते, भिंतीला शिकवत नाही, असं एकदा चिडून ओरडलेही. तेही सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

'विवाहसंस्था' हे प्रकरण आलं तेव्हा सुचलं, मुलगी पाहण्याचा कार्यक्रमच वर्गात करावा, पण उलटा. मुलगा नवरी होऊन बसेल आणि मुली वरपक्षाच्या. निदान हसतील तरी. मी स्वतः लग्नाआधी तीनदा पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले होते. तो प्रकार आता इतिहासजमा झाला, अशी माझी भाबडी समजूत होती.

नवरी म्हणून वर्गातला सगळ्यात वात्रट मुलगा निवडला. त्यानं मैत्रिणीची ओढणी डोक्यावर घेतली आणि वर्ग खदखदून हसला. नवऱ्या मुलाचा बाप व्हायला मात्र कुणी तयार होईना. शेवटी खिडकीजवळच्या मुलीनं हात वर केला. खुलताबादच्या पुढच्या एका खेड्यातून एसटीनं येणारी ही मुलगी. तिचा आवाज मी फक्त हजेरीपुरता ऐकला होता. मला इतका आनंद झाला की विचारू नका.

ती खुर्चीत ऐसपैस बसली, एक हात मांडीवर टेकवून. नाव विचारलं, गाव विचारलं, मामाचं गाव विचारलं. नवरी लाजून उत्तरं देत होती. मग चालून दाखवायला सांगितलं, तो ठुमकत चालला. डोक्यावरची ओढणी काढायला लावली, केस खरे आहेत का ते पाहिलं. तळहात पाहिले. डोळे धड आहेत का हे बघायला माझ्या टेबलावरचं वर्तमानपत्र वाचायला दिलं. इथपर्यंत मीही हसत होते. खोटं कशाला बोलू, टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मग लक्षात आलं, नवरी हसायची थांबली आहे. मुलाच्या हातात ओढणी तशीच होती आणि तो खाली पाहत होता.

"कॉलेजात बोलती का कुणासंग?" तिनं विचारलं.

"सांग की," ती म्हणाली. "रविवारी माह्या घरी पप्पाच्या शेजारी बसून सांगितलंस ना. ही पोरगी वर्गात तोंड उघडत नाय म्हणून."

मला आधी काही कळेना; तिच्या पुढच्या दोन-चार वाक्यांतून उलगडा झाला. वाळूजला कंपनीत असलेल्या आपल्या मोठ्या भावासाठी हा मुलगा आई-वडिलांबरोबर तिला पाहायला गेला होता. स्थळ त्यानंच सुचवलं होतं. वर्गात एक मुलगी आहे, फार शांत आहे, कुणाशी बोलत नाही. ज्या गप्प बसण्यावर मी दोन वर्षं डोकं आपटत होते, तोच तिचा गुण म्हणून धरला गेला होता. आणि ते चालायला लावणं, केस ओढून बघणं, सगळं परवाच्या रविवारचं होतं. तास संपला तरी मी फळ्याजवळ उभीच होते.

बाहेर व्हरांड्यात तिला गाठलं. तिकडून होकार आला होता, लग्न परीक्षेआधीच उरकायचं होतं, म्हणजे कॉलेज संपलं. माझं डोकं फिरलं. आत्ताच्या आत्ता तुझ्या वडिलांना फोन लावते, म्हणाले.

"तुमी फोन करू नका मॅडम. मी नाय म्हणलं तर घरचे ऐकत नैत. तुमचंबी ऐकणार नैत. नकार तिकडूनच यावा लागतो." मग थोडं थांबून म्हणाली, "आता त्यानं बघितलं ना, मी कशी बोलते ते. घरी सांगंल."

मला वाटलं होतं, तिचा बांध फुटला. तिनं तर हात वर केला तेव्हाच सगळं ठरवलं होतं.

त्या मुलानं खरोखरच घरी सांगितलं. चार दिवसांत नकार आला. मुलगी आगाऊ आहे, भर वर्गात तोंड वर करून बोलते. हा निरोप तिच्या घरी पोचला तसा भावकीतही फिरला. आईनं रडून घर डोक्यावर घेतलं, वडिलांनी बोलणं टाकलं. हे सगळं तिनं मला जिन्यात उभं राहून सांगितलं. अगं, तुझं नाव खराब झालं, पुढची स्थळंही आता बिचकतील, असं मी घाबरून म्हणाले.

"तेच पाहिजे होतं," ती म्हणाली. "आता परीक्षेपर्यंत कुणी येत नाय."