विमान वळवणारे मामा

शेवटच्या क्षणावर माझ्या बायकोच्या मामांइतकी श्रद्धा असलेला माणूस साऱ्या हैदराबादेत सापडायचा नाही. लढाऊ विमान जमिनीवर आदळायला निघालं आणि वैमानिक बेशुद्ध असला, तर विमानाने आपणहून वर वळावं, असं यंत्र ते एका सरकारी प्रयोगशाळेत बनवत. विद्यानगरच्या गच्चीवर चपलेचं विमान करून त्यांनी मला ते अनेकदा समजावलं आणि दर वेळी माझा गोंधळ वाढला. आदळायचंच नाही तर आधीच का वळवत नाही, असं विचारलं की मामा कळवळत. "नक्को, जावई. लवकर ओढलं तर शुद्धीवर असलेला वैमानिक चिडतो, बटणच बंद करून टाकतो. मग खरंच आदळतो."

घरातही हाच कारभार. गॅसवरच्या दुधासमोर मामा उभे राहत आणि साय काठाशी आल्याशिवाय हात लावत नसत. निम्मं दूध ओट्यावर गेलं, की "थोडा हिशेब चुकला" म्हणत. अफझलगंजच्या गर्दीत स्कूटरचा ब्रेकही असाच. एकदा आम्ही थेट पेरूच्या गाडीत शिरलो. "गाडीवाला हलला हो," मामा म्हणाले, "हलायला नको होतं."

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने, वसुधाने, बँकेतली कायमची नोकरी सोडून अमेरिकेत कॉम्प्युटरच्या कंपनीत जायचं ठरवलं. देशाची दारं नुकती उघडली होती, गल्लीतली पोरं भराभर उडत होती. मामींचं जेवणावरून मन उडालं. "अहो, तुम्ही एक शब्द बोला, ती थांबेल." खरंच थांबली असती, वडिलांचा शब्द तिने कधी मोडला नव्हता. मामा मात्र रोज म्हणत, "अजून वेळ आहे." त्यांना तिला अडवायचं होतं की जाऊ द्यायचं होतं, मला काही केल्या कळेना. तिकीट आलं, बॅगा भरल्या, तरी मामांचं आपलं तेच.

बेगमपेटच्या विमानतळावर वसुधा पाया पडली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. "बाबा, जाऊ ना?"

मामांनी तिच्या बॅगेचा पट्टा सरळ केला. "पासपोर्ट वर ठेव," म्हणाले.

ती काचेपलीकडे दिसेनाशी झाली आणि मामा एकदम आत निघाले. दारावरच्या शिपायाने अडवलं. "मुलगी आहे माझी, एकच शब्द बोलायचा राहिला," ते त्याला सांगत होते.

"अब नक्को, साब," तो म्हणाला.

परतीची रिक्षा तारनाक्यापर्यंत आली. शेवटी न राहवून मी विचारलं, "कोणता शब्द, मामा?"

"थांब म्हणणार होतो," ते बाहेर बघत म्हणाले. "पण मग ती थांबली असती हो."

मला त्यांच्याविषयी फार माया दाटून आली.