शिवलिंगीची फळं

शिवलिंगी ही तोंडलीच्या कुळातली वेल. म्हैसूरभोवती कुठल्याही कुंपणावर चढते. कन्नडमध्ये तिला लिंगतोंडे म्हणतात. फळ गोटीएवढं, हिरव्यावर पांढऱ्या रेघा, पिकलं की लालभडक. गर विषारी, पोटात गेला की वांत्या, जुलाब. बी दिसते पिंडीसारखी, म्हणून मूल व्हावं यासाठी ती सुकवून दुधाबरोबर गिळायची रीत पडली. त्यानं मूल होतं याला आधार नाही, हे मी कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवत आले. घरात कोण ऐकतंय!

धाकट्या भावाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. आमची आत्या बेट्टदपुरच्या डोंगरावर देवाला गेली आणि येताना पदराच्या गाठीत पिकलेली फळं घेऊन आली. बी काढून गर टाकणं तिला पटेना. ज्यात महादेव बसलाय ते कचऱ्यात कसं टाकायचं? तिनं भावजयीला सबंध फळंच खायला लावली, प्रसाद म्हणून.

सकाळी भावजय मोरीत ओकत होती. पाळीही थोडी लांबली होती, मग काय विचारता! काल फळ खाल्लं आणि आज डोहाळे, असं कुठं असतं का, हा प्रश्न कुणाला पडला नाही. एरवी सुनेच्या सांबारात खोट काढणाऱ्या आमच्या आईनं तिला कॉटवर निजवलं आणि स्वतः मऊ भात चढवला. मी देव्हाऱ्यात उरलेली फळं पाहिली आणि माझं डोकंच फिरलं. आत्याला दोन शब्द सुनावले आणि भावजयीला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं.

त्यांनी इंजेक्शन दिलं, तपासणीही केली. दिवस गेलेले नव्हते. जिवाला धोका नाही, असं म्हणाले.

परत येताना ती रडली नाही. घर जवळ आल्यावर म्हणाली, "अक्का, संध्याकाळपर्यंत घरी सांगू नका. आईंनी भात केलाय माझ्यासाठी."

मला फार वाईट वाटलं. मी रिक्षावाल्याला लांबच्या रस्त्यानं घ्यायला सांगितलं.