उन्हात न दिसणारी अक्षरं

हे मी आजवर कुणापाशीच बोललो नाही. मला ओळखणारे म्हणतील, हा न बोलता राहिलाच कसा? एका बिबट्याचे तीन करून सांगणारा माणूस मी. तापीत न पाहिलेल्या मगरीचे दातही मोजलेत. पण हे खरं आहे — म्हणून तर जड जातंय.

तळोद्यात आमची छोटी संस्था आहे. योजना, दाखले, वसतिगृहांचे प्रवेश, सगळी माहिती आमच्या वेबसाइटवर. लिहिणारा मी. माझं वाक्य तळोद्यातून निघालं की धडगावचा घाट चढेपर्यंत त्यात क्रियापद यायचं नाही! लोक वाचायचे, गोंधळायचे, आणि माझ्याकडे यायचे. मग मी खुर्चीत रेलून समजावणार, ते माना डोलावणार. लोकांना न समजणं — खरं सांगू? — हीच माझी इस्टेट होती.

मग सुरेखा आली. डोंगरातल्या गावची. घरी पावरी बोलणारी, मराठी शाळेत शिकलेली. तिनं माझी वाक्यं तोडली. एका वाक्यात एकच गोष्ट. मोठी, काळीभोर अक्षरं. कोणते कागद आणायचे ते सगळ्यात वर. आणि प्रत्येक पान ती भर दुपारी जीप स्टँडवर न्यायची, काच तडकलेल्या मोबाइलवर एखाद्या अनोळखी बाईला वाचायला लावायची. बाई जिथं अडखळली, ती ओळ परत येऊन बदलायची. एवढं कोण करतं? मी तर कधीच नाही.

एक दिवस दगा नावाचा जीपवाला मोबाइल नाचवत ओरडला, "भाऊ, आते तुन्ही गरज नही शे! मीच वाची ऱ्हायनू!" अख्खा स्टँड हसला. मीही हसलो, शहाद्यापर्यंत ऐकू जाईल असा. आत मात्र — काय सांगू — डोळ्यांत मिरची जावी तसं झालं.

वेबसाइटचा पासवर्ड माझ्याकडे होता. समजलं ना, कुठं चाललोय मी?

दुसऱ्याच दिवशी मी तिची अक्षरं राखाडी केली. बारीक केली. ओळी एकमेकींना चिकटवल्या. संस्थेच्या साहेबांना म्हणालो, जरा शोभिवंत दिसतं. पंख्याखाली बसून बघितलं तर दिसतही होतं. उन्हात मात्र पान कोरं! तिचा शब्द एकही बदलला नाही मी — दोष शब्दांवरच जावा म्हणून.

लोक पुन्हा माझ्या खुर्चीभोवती जमले. चार-सहा दिवसांनी सुरेखा आली, हळूच विचारलं, "दादा, अक्षरं फिकी झाली म्हणून वाचता येत नसेल का? की माझं मराठीच कच्चं?"

तिनं बरोबर ओळखलं होतं. नुसतं 'हो, अक्षरंच' म्हणायचं होतं मला.

मी म्हणालो, "मराठीच." आणि वर मायेनं — हो, मायेनं! — "शिकशील हळूहळू."

तिनं लिहिणं सोडलं. आता शेजारच्या टेबलावर अर्ज तेवढे भरून देते. परवा तिच्याच गावच्या बायका आल्या होत्या, शाळेसाठी चार ओळींचं निवेदन हवं होतं. सुरेखानं कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. "तुम्हीच लिहा, दादा. माझ्या मराठीचं काही खरं नाही."

बायका माझ्याकडे बघत होत्या. मी पेन उघडलं आणि लिहून दिलं.